तरंगत्या जमिनीखालचं उखळ

आमचा घोडा गेला तेव्हा मी नववीत होतो. वडील देवळाली कॅम्पात टांगा चालवायचे, स्टेशन ते बाजार, बाजार ते लष्करी क्वार्टर्स. रिक्षा आल्या होत्या, पण ट्रंका-वळकट्या जास्त असल्या की फौजी लोक टांगाच करायचे. घोड्याचं पोट फुगलं आणि तो एका दिवसात गेला. दुसरा घोडा घेण्याची ऐपत नव्हती. वडील रिकाम्या पागेच्या दारात बिड्या ओढत बसायचे. ते दिवस-दिवस उठायचेच नाहीत. पुढची दीड-दोन वर्षं आमच्याकडे दिवसातून एकदाच चूल पेटायची – सकाळी की संध्याकाळी, ते आई ठरवायची. मग वडीलही गेले.

त्यानंतर आईनं आणि शेजारच्या येसूमावशीनं त्या पागेत मसाला कांडायला सुरुवात केली. येसूमावशी विधवा, मूलबाळ नाही. दोघींनी मिळून पाथरवटाकडून दगडी उखळ आणलं आणि पागेच्या मधोमध जमिनीत पुरलं. मुसळं दोन, जिच्या तिच्या हाताची. दोघी समोरासमोर उभ्या राहायच्या. एकीचं मुसळ खाली तेव्हा दुसरीचं वर, मग उलट. कधी एकमेकींवर आपटली नाहीत. क्वार्टर्समधल्या पंजाबी बायका गरम मसाला करून न्यायच्या, दक्षिणेकडच्या बायका सांबाराचा. बदली झाली की डबेच्या डबे भरून आसामला नाही तर काश्मीरला.

त्या मसाल्यावर मी बीएस्सी झालो. फिजिक्स, फर्स्ट क्लास. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला पहिला मी, आणि याचा मला अभिमान होता, आजही आहे. निकालाच्या दिवसापासून येसूमावशीनं माझं संजय हे नावच टाकलं. “काय बीएस्सी, जेवला का?” “बीएस्सी, जरा पोतं धर.”

एवढं सगळं आधी सांगितलं, कारण पुढचं वाचून कोणी म्हणायला नको की हा माणूस लहानपणापासून असल्या गोष्टींत वाढला असेल. अजिबात नाही. आमच्या घरात भुताखेतांना वेळच नव्हता. या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो आणि खरं सांगायचं तर हसतो. प्रत्येक आवाजाला कारण असतं, ते सापडेपर्यंत शोधायचं – एवढंच मला कॉलेजनं शिकवलं. मीही शोधलं. जीव मेटाकुटीला येईपर्यंत शोधलं...

२००३ साली अंबडच्या फॅक्टरीतली नोकरी सोडून मी घरात रेकॉर्डिंग स्टुडिओ करायचं ठरवलं. आवाजाचं वेड कॉलेजपासून होतं. नाशकात अंध मुलांसाठी काम करणारी एक संस्था होती, त्यांना दहावीची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून हवी होती. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत. नमुन्याचा एक धडा पसंत पडला तर सगळं काम माझं, नाही तर ते पुण्याला जाणार होतं. नोकरी तर मी सोडून बसलो होतो.

जागा होतीच – ती पागा. अडचण एकच, कॅम्प. तोफखान्याचा सराव सुरू झाला की आमच्या खिडक्या थरथरतात. त्यात रेल्वे, लष्कराचे ट्रक. भिंतीला आणि छताला काय लावायचं ते माहीत होतं, पण जमिनीतून येणारी थरथर तशी थांबत नाही. त्यासाठी तरंगती जमीन करावी लागते. म्हणजे मूळ फरशीवर रबराचे जाड पॅड, फॅक्टरीत मशिनखाली घालतात तसले. त्यावर लाकडाची चौकट, चौकटीत ग्लासवूल म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, वर प्लायचे दोन थर. आणि चारही बाजूंनी भिंतीपासून बोटभर सुटी. ही जमीन खऱ्या जमिनीला किंवा भिंतीला कुठेही टेकता कामा नये. एक खिळा जरी आरपार गेला तरी सगळी मेहनत पाण्यात, त्या खिळ्यातून आवाज वर चढतो.

सुतार होते रफिकभाई. कॅम्पातलं अर्धं फर्निचर त्यांच्या हातचं. त्यांनी नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला. म्हणाले, “संजयभाई, आजपर्यंत लोक म्हणायचे, हलतंय, पक्कं करून द्या. पक्की जमीन हलती करून द्या म्हणणारे तुम्ही पहिले.”

त्या वेळी आई नामपूरला होती, माझ्या बहिणीचं बाळंतपण होतं. जमिनीत मधोमध ते उखळ. कांडप बंद होऊन सात वर्षं झाली होती. पोकळी ठेवली तर वरची जमीन घुमेल, म्हणून मी उखळात वाळू ठासून भरली, वर शहाबादी फरशीचा तुकडा बसवला आणि त्यावर आमची जमीन तरंगवली. आईला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. दगडच तो.

आई परत आली, दारातूनच खोलीत डोकावली.

“उखळ कुठंय?”

“खालीच आहे. वाळू भरून झाकलंय.”

“विचारायचं तरी.”

“कोणाला विचारू? दगडाला?”

“अर्धं उखळ येसूचं हाय,” आई म्हणाली आणि आत गेली. मी हसलो. रफिकभाई मात्र हसले नाहीत, हे मला नंतर आठवलं.

पुस्तक वाचायला मोघेबाई यायच्या. रिटायर्ड शिक्षिका, आवाज असा की पाढे म्हटले तरी ऐकत राहावं. पहिल्याच दिवशी आत पाऊल टाकलं आणि त्यांना सात-आठ शिंका आल्या. भिंतींवर नवीन फोम, खाली गालिचा, तरी मिरचीची धूळ कुठून तरी निघालीच. “संजय, हा स्टुडिओ आहे की मसाल्याचा डबा?” बाई डोळे पुसत म्हणाल्या. शिंका थांबल्यावर भूगोलाचा पहिला धडा रेकॉर्ड केला. त्या दिवशी सरावाची सुट्टी होती, बाहेर सगळं शांत. मी खूश.

संध्याकाळी कंप्युटरवर ऐकत होतो. दोन वाक्यांच्या मधली शांतता... आणि त्या शांततेत – धप्प.

आवाज मोठा केला. धप्प... धप्प... धप्प... दर दीड सेकंदाला एक, घड्याळासारखा नेमका. बाई बोलत असताना तो आवाजाखाली दबायचा, थांबल्या की वर यायचा. गाण्यात हे कोणाला कळलं नसतं. पण पुस्तकाच्या वाचनात शांतताच तर महत्त्वाची! रेकॉर्डिंगच्या वेळी कानाला हेडफोन असूनही मला हे ऐकू आलं नव्हतं, याचा मला जास्त राग आला.

तोफ नाही, हे लगेच कळलं. तोफ अशी रांगेत उडत नाही. शेजारी कोणी धुणं आपटतंय? गेलो, पाहिलं, नाही. पिठाची गिरणी? ती दोन गल्ल्या पलीकडे, आणि आवाज एकसारखा घरघरीचा. पाण्याचा पंप बंद करून पाहिला. फ्रीज बंद करून पाहिला. रोज वहीत लिहायला लागलो – वेळ, काय चालू, काय बंद. वहीवरून एवढंच कळलं की साडेदहाच्या सुमारास सुरू होतो, बाराच्या आसपास थांबतो. आणि सोमवारी नसतो. सोमवारी का नसतो, याचा विचार करून करून डोकं दुखायचं. सोमवारी बंद असणारं आसपास काहीच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, वेळ बदलायची. बदलता येत नव्हती ना! दुपारी लोडशेडिंग, संध्याकाळी बाईंच्या शिकवण्या, आणि सकाळी लवकर किंवा सोमवारी त्यांना जमायचं नाही.

मग मी जमीन उघडली. रफिकभाईंना बोलावलं, प्लाय काढले. एका कोपऱ्यात एक लांब खिळा खरंच भिंतीला टेकलेला सापडला. मला इतका आनंद झाला की मी रफिकभाईंना चहा पाजला. खिळा काढला, जमीन बंद केली. दुसऱ्या दिवशी साडेदहाला... धप्प.

पुन्हा उघडली. सगळे पॅड बदलले, दुप्पट जाडीचे घातले. गणिताप्रमाणे आता ट्रक जरी दारातून गेला तरी कळायला नको होता. ट्रक कळत नव्हताही! आगगाडी कळत नव्हती, तोफ सुद्धा अगदी बारीक. म्हणजे जमीन आपलं काम करत होती. फक्त हा एकच आवाज जसाच्या तसा. आधी जेवढा होता तेवढाच, ना कमी ना जास्त. हे मला सहन होईना. एखादी गोष्ट चुकली तर पूर्ण चुकावी ना...

मी रफिकभाईंवर ओरडलो. काम नीट केलं नाही, कुठेतरी खिळा लपवलाय, असं काहीबाही बोललो. त्यांनी रंधा पिशवीत टाकला.

“संजयभाई, माझ्या हाताला नाव ठेवू नका. आवाज माझ्या लाकडातून नाही येत. तुमच्या आईने काय सांगितलं होतं ते आठवा,” एवढं म्हणून ते गेले. मी ते मनावर घेतलं नाही. अडाणीपणा, म्हणालो.

शेवटी तसाच नमुना घेऊन संस्थेत गेलो. आवाज कंप्युटरवर जमेल तेवढा दाबला होता, मलाही आता नीट ऐकू येत नव्हता. तिथे तपासायचं काम पाटीलसरांकडे होतं. सर स्वतः जन्मापासून अंध. त्यांनी सीडी लावली, मान खाली घालून ऐकली. दोन मिनिटांतच हात वर केला.

“बाईंचा आवाज फार छान. पण मागं कोण कांडतंय?”

“सर?”

“कांडतंय कोणीतरी. लाकूड दगडावर पडतंय. टोकाला लोखंड आहे, ते सैल आहे. घाव पडला की जरा किणकिणतं. ऐका.” त्यांनी पुन्हा लावलं. मला काही ऐकू आलं नाही. “मुलांना धड्यापेक्षा हेच आधी ऐकू येईल हो. ती विचारतील, मसाला झाला का म्हणून,” सर हसले. “आठ दिवस देतो. मग मला पुण्याला कळवावं लागेल.”

घरी येऊन मी एकट्यानं जमीन उघडली, तिसऱ्यांदा. फक्त मधला भाग. शहाबादीचा तुकडा उचलला. उखळात वाळू गच्च बसलेली, मी थापीनं गुळगुळीत केलेला पृष्ठभाग तसाच. त्यात बोटही रुतत नव्हतं. तिथेच बसून राहिलो. काय शोधतोय तेच कळेना. त्या क्षणी मला कोणी मारलं असतं तरी बरं वाटलं असतं, इतका मी वैतागलो होतो.

आई नवीन जमिनीवर कधी पाय ठेवायची नाही. पाय बुडाल्यासारखं वाटतं म्हणायची. मी स्पीकर ओट्यापाशी आणले, तिला पाटावर बसवलं, आणि एका सकाळचं मोकळं रेकॉर्डिंग लावलं. दाबलेलं नाही, पूर्ण.

धप्प... धप्प...

आईनं थोडं ऐकलं. मग तिनं हाताची मूठ केली आणि समोरच्या ओट्यावर मारायला सुरुवात केली. स्पीकरमधून धप्प, मग आईची मूठ. धप्प, मूठ. धप्प, मूठ. एकदाही चुकली नाही. बरोबर मध्ये. मी जो आवाज दर दीड सेकंदाला म्हणून वहीत लिहीत होतो, त्याचा तो निम्माच भाग होता... दुसरा निम्मा तिथे नव्हताच.

“येसू हाय,” आई म्हणाली. “तिच्या मुसळाचं कडं सैल. कितीदा म्हणलं, ठोकून घे. एकटीच कांडती ती. मधली जागा माझी हाय, ती सोडून ठेवलीय तिनं.”

“आई, काहीतरी बोलू नकोस. सोमवारी का नसतो मग?”

“सोमवारी आम्ही मिरच्या आणायला नाशकाला जायचो. विसरला?”

मी विसरलो होतो. आणि जे विसरलो नव्हतो तेही आता सांगतो. ९६ साली मला नोकरी लागली, तेव्हा एक दिवस येसूमावशी सकाळी मुसळ घेऊन आली. मी तिला दारातच म्हणालो, “मावशी, आता बंद करा हे. ऑफिसातले लोक घरी येतात. आवाज बरा दिसत नाही.” आई आत मिरच्या निवडत होती. मावशी म्हणाली, “बरं बीएस्सी.” मुसळ भिंतीला उभं केलं आणि गेली. पंधरा दिवसांत नांदगावला पुतण्याकडे राहायला गेली ती परत आलीच नाही. मी समजत होतो की आई माझं ऐकून कांडायची थांबली.

“मी कुठली तुझं ऐकते!” आई म्हणाली. “दोघींच्या उखळात एकटीनं मुसळ घालायचं नसतं. ती गेली म्हणून मी थांबले.”

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं सकाळच्या पॅसेंजरनं नांदगावला निघालो. मला अजून वाटत होतं की मावशी केव्हाच वारली असेल, आणि आई मनात काहीतरी धरून बसली आहे. म्हणून निघताना शेवटचा प्रयोग केला. घरात कोणी नाही, पंप बंद, फ्रीज बंद, खोलीला बाहेरून कुलूप, आणि कंप्युटरला टायमर – दहाला रेकॉर्डिंग सुरू, एकला बंद. घरातल्या माणसामुळे किंवा वस्तूमुळे आवाज येत असेल तर आज येणार नाही. साधं सरळ.

नांदगाव स्टेशनपासून पुतण्याचं घर चालत दहा मिनिटांवर. पुतण्याची बायको धान्य पाखडत होती. आम्ही कोण ते सांगितल्यावर म्हणाली, “आत्या आत हायेत. एक अंग गेलंय त्यांचं, दोन वर्षं झाली. बोलत्यात पण. फक्त या थंडीपासून एक नवीनच चाललंय... या वेळेला लय त्रास देत्यात.”

मावशी जिवंत होती.

आत लाकडी बाजेवर पडली होती, चिपाडासारखी. उजवा हात निपचित. डावा हात मात्र वर जायचा आणि मूठ बाजेच्या कडेवर पडायची. वर जायचा, पडायचा. मधे नेमकी जागा सोडून. मला मोजायची गरज नव्हती, तीन महिने मी तेच मोजत होतो.

“साडेधाला सुरू करत्यात,” सून म्हणाली. “हात धरला तर रडत्यात. डॉक्टर म्हनला, नसांचा रोग हाय. पर सोमवारी कसा नसतो वं रोग?”

मावशीनं मान वळवली. “कोन? बीएस्सी का?”

“हो मावशी.”

“जाड झाला.” मग माझ्या मागे पाहिलं, आणि आईला म्हणाली, “किती उशीर ग. हात भरून आला माझा.”

आई बाजेच्या दुसऱ्या बाजूला खाली बसली, पदर खोचला, मूठ केली आणि मधल्या जागेत पहिला घाव घातला. मी घड्याळाकडे पाहिलं, का ते माहीत नाही, सवयच लागली होती. अकरा वाजून बावीस मिनिटं.

दोन म्हाताऱ्या बाजेच्या कडेवर मुठी मारत होत्या. धप्प-धप्प, धप्प-धप्प. सून दारात उभी राहून बघत होती, तिचं सूप हातातच. मावशी मधेच कुरकुरली, “आवाज बसका येतोय ग. वाळू गेली का काय आत?”

मी उभा होतो तो खाली बसलो. वाळूचं फक्त मला, आईला आणि रफिकभाईंना माहीत होतं. आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “काढते उद्या,” एवढंच म्हणाली आणि घाव चुकू दिला नाही.

“मावशी, माझं चुकलं,” मी म्हणालो.

“तुझं काय चुकलं? शिकल्या-सवरल्याला कांडपाचा आवाज टोचतोच.” हात खाली-वर चालूच. “आता टोचतो का?”

“लय टोचतो,” मी म्हणालो. तिला हसू आलं. निम्म्याच चेहऱ्यानं हसली.

थोड्या वेळानं आईनं विचारलं, “येसू, बघ बरं, बारीक झालं का?” मावशीचा हात थांबला. तिनं अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं, कांडताना चिमूट घेऊन बघायच्या तसं, आणि म्हणाली, “झालं. चाळ आता.” हात बाजेवर ठेवला आणि डोळे मिटले. सून म्हणाली, एवढ्या लवकर कधीच थांबल्या नव्हत्या. बाराला वीस कमी होते.

घरी पोचायला संध्याकाळ झाली. कुलूप जसंच्या तसं. फाईल तीन तासांची होती. दहापासून साडेदहापर्यंत काही नाही. मग सुरू – धप्प, जागा, धप्प, जागा. मी पुढे सरकवत गेलो. अकरा वाजून बावीस मिनिटांवर, मधल्या जागेत, दुसरा घाव आला. कडं न वाजणारा, घट्ट, वजनदार. कॉलेजच्या दिवसांत मी अभ्यास करताना जो आवाज ऐकायचो, तोच, दोघींचा. कंप्युटरवर दोन वेगळ्या आकाराच्या लाटा एकाआड एक अशा ओळीनं उभ्या होत्या. अठरा मिनिटं. बाराला वीस कमी असताना थांबल्या, आणि पुढे एकपर्यंत कोरी रेघ.

मी ती फाईल दोन वेळा ऐकली. आईला ऐकवायला गेलो तर म्हणाली, “मला काय ऐकवतो, मी तिथंच होते.”

आणि ती कुठे होती म्हणजे नेमकं, हे मला आजही कळलेलं नाही. नांदगावला मी स्वतः तिच्या शेजारी बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी रफिकभाईंच्या घरी जाऊन मी त्यांची माफी मागितली. ते आले, जमीन उघडली, आम्ही वाळू सगळी काढली. आईनं उखळ ओल्या फडक्यानं पुसलं, आत मूठभर हळकुंडं टाकली आणि दोन्ही मुसळं आडवी खाली ठेवायला लावली – मावशीचं मुसळ तिनं सात वर्षं माळ्यावर जपून ठेवलं होतं. रफिकभाईंनी न सांगता त्याचं सैल कडं दोन ठोके मारून पक्कं केलं. मग वरून जमीन पुन्हा तरंगवली. फिजिक्सप्रमाणे खाली पोकळी राहिली की जमीन घुमायला हवी. मी सगळी उपकरणं लावून तपासलं. घुमत नाही. हेही मला सांगता येत नाही, का ते.

मित्रांना ही गोष्ट सांगितली की ते कारणं देतात. आईनं आधी निरोप पाठवला असेल, सुनेला कोणीतरी शिकवलं असेल. वाळूचं येसूमावशीनं अंदाजानं म्हटलं असेल. ठीक. पण कुलूप लावलेल्या खोलीतली ती अठरा मिनिटं कोणी शिकवली? ती फाईल माझ्याकडे आहे. इंजिनिअर झालेल्या दोघा-तिघांना ऐकवली. एकानं मायक्रोफोन खराब म्हटलं, एकानं नुसते खांदे उडवले. माझ्याकडे उत्तर नाही, आणि नसल्याचा मला आजही राग येतो. बीएस्सी झालेल्या माणसानं असं म्हणणं मला शोभत नाही, पण दुसरं काही म्हणता येत नाही.

येसूमावशी त्या दिवाळीपर्यंत होती. आई दर महिन्याला पॅसेंजरनं जाऊन तिच्यापाशी दोन दिवस राहायची. त्या सकाळनंतर मावशीच्या हातानं पुन्हा तसं केलं नाही, आणि आमच्या खोलीत तो आवाज पुन्हा आला नाही.

पाटीलसरांना सातव्या दिवशी नवीन नमुना दिला. त्यांनी पूर्ण धडा ऐकला, हात वर केला नाही. जून लागायच्या आत दहावीची सगळी पुस्तकं आमच्या पागेत रेकॉर्ड झाली, आणि त्यातलं एकही परत आलं नाही.